मडक्यात ठेवली

मेनिप्पेला लिकोनच्या घरी सून करून आणली ती तिच्या हातांकडे बघून. रूपाचं कुणी नावही काढलं नाही. तिचा बाप डोंगरावर पाइनच्या झाडांना खाचा पाडून राळ गोळा करायचा, कढवायचा, आणि द्राक्षतोडणीच्या आधी खालच्या गावांतून रांजणांना आतून राळ लावत फिरायचा. माती कितीही भाजा, ती झिरपतेच. आतून राळेचा हात फिरला नसेल तर दारू थंडी सरायच्या आत निम्मी जमिनीत मुरते आणि उरलेली आंबते. बापाला मुलगा होता, ग्लाउकोस, पण तो लहानपणापासून खांद्यांनी रुंद. रांजणाच्या तोंडातून आत सरकायला मेनिप्पेच लागायची. बरोबरीच्या मुली अंगणात हाडांचे गोटे झेलत बसायच्या त्या वयात ही रांजणाच्या पोटात उभी राहून जुनी राळ खरवडायची, आणि बाप वरून तोंड घालून सांगायचा, "पोरी, बूड नीट बघ. बिघडायला सुरुवात तिथून होते."

लिकोनच्या अंगणात असे तीन रांजण गळ्यापर्यंत पुरलेले होते. एकात जव, एकात तेल आणि सगळ्यांत मोठ्यात दारू. या मोठ्याला घरात सगळे थोरला म्हणत, जसा काही तो घरचा कर्ता दीर होता. तो लिकोनच्या आजोबांनी आणला होता. कुंभारानं जागेवरच वळी चढवत चढवत बांधला होता म्हणे, कारण एवढा रांजण बैलगाडीवर टिकला नसता. त्याला एका बाजूनं चीर गेली होती, ती शिशाच्या पट्ट्यांनी सांधलेली. त्याच्याआधीचा जो रांजण फुटला, त्याचं तोंड विहिरीला काठ म्हणून बसवलं होतं आणि बुडाच्या खापरीत कोंबडी अंड्यांवर बसायची. त्या घरात मातीचं काही वाया जात नसे.

हे सगळं फानोच्या ताब्यात होतं. फानो म्हणजे सासू. नवरा लवकर गेला, पण तिनं घर सैल पडू दिलं नाही. कोठीची किल्ली कमरेला आणि मुद्रेची अंगठी बोटात. रांजणावर दगडी झाकण बसलं, भोवती ओली माती लिंपली की त्या मातीत ती अंगठी दाबायची, आणि मग अंगठीची ती खूण मोडायची कुणाची छाती नव्हती. लिकोनचीही नाही. लिकोन स्वभावानं गोड होता. गोड माणसं जशी असतात तसा, म्हणजे कुठलाही निर्णय दुसऱ्याच्या तोंडून येईपर्यंत थांबणारा.

"आता बाहेरची माणसं अंगणात घ्यायला नकोत," लग्न ठरलं तेव्हा फानो शेजारणीला म्हणाली होती. "राळवाली घरातच आली."

मेनिप्पेला दिवस गेले ते दुसऱ्या वर्षी. बाळंतपण अवघड झालं. मुलगी झाली एवढं तिला सुइणीच्या आवाजावरून कळलं, कारण तो आवाज एकदम साधा झाला. मग ताप चढला. भिंती जवळ येत होत्या, लांब जात होत्या, कुणीतरी ओठांवर ओलं फडकं ठेवत होतं. पाचव्या दिवशी बापानं मूल उचलून चुलीभोवती फेरी मारायची आणि मग ते घरचं झालं, अशी रीत. ती फेरी झाली की नाही हे मेनिप्पेला कळलंच नाही. ताप उतरला तेव्हा कुशीत काही नव्हतं आणि फानो उशाशी बसली होती.

"पोर कुठं आहे?"

"मडक्यात ठेवली," फानो म्हणाली. "तू आता पेज घे."

या मुलखात तान्हं मूल मेलं तर त्याची चिता करत नाहीत. घरातलाच एखादा घडा घेतात, त्याचं पोट फोडतात, त्यात मुलाला निजवतात आणि उंबऱ्याजवळ नाहीतर भिंतीच्या कडेला पुरतात. मडक्यात ठेवली म्हणजे मेली. मेनिप्पे रडली, दूध आटेपर्यंत छातीला फडकं बांधून राहिली, आणि कुठं पुरली हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या जागेवरून रोज चालावं लागलं असतं.

पुढं पुन्हा मूल राहिलं नाही. फानोला बोलायला विषय मिळाला. "थोरल्याला तरी दरवर्षी भरता येतं," ती भाकरी थापताना सहज बोलल्यासारखं बोलायची, आणि लिकोन तेवढ्यात बाहेर बकऱ्यांकडे बघायला जायचा.

थंडी ओसरताना जो तीन दिवसांचा सण येतो, त्यातला पहिला दिवस रांजण उघडायचा. दुसरा सुरयांचा, त्या दिवशी ज्यानं त्यानं आपापली सुरई घेऊन गप्प बसून प्यायची, गुलामांनीसुद्धा. तिसरा मडक्यांचा. त्या दिवशी मेलेली माणसं गावात फिरतात. म्हणून दारांना राळ फासायची, तोंडात काटेरी झुडपाचा पाला चघळायचा आणि सगळी धान्यं एका मडक्यात मध घालून शिजवून त्यांच्यासाठी ठेवायची. दारांना राळ फासायचं काम अर्थातच मेनिप्पेचं. खीरही तीच शिजवायची. एक पळी सासऱ्यांची, एक बापाची, तो तोवर गेला होता, आणि एक छोटी, पोरीची. पोरीला नाव ठेवलं गेलं नव्हतं, म्हणून ती नुसतंच "हे तिचं" म्हणायची.

अशी बरीच वर्षं गेली. एका वर्षी मडक्यांच्या दिवशी सकाळी सिरा चुलीपाशी डोकं धरून बसली होती. सिरा घरातली म्हातारी गुलाम. आदल्या दिवशीची सुरई तिनं शेवटपर्यंत रिकामी केली होती आणि तिची जीभ अजून ताळ्यावर आलेली नव्हती.

मेनिप्पेनं छोटी पळी बाजूला काढली. "हे तिचं."

"धाकट्या बाई, हे करू नये तुम्ही," सिरा म्हणाली.

"काय करू नये?"

"मेल्यांच्या पंगतीत तिचं पान मांडता ते. दरवर्षी बघते."

"मग कुठं मांडू?"

सिरानं डोळे चोळले. "ती मेली कुठं होती?"

चुलीत लाकूड सरकलं, ते मेनिप्पेनं नीट केलं. मग पळी मडक्यात ठेवली. "सासूबाईच म्हणाल्या तेव्हा. मडक्यात ठेवली म्हणून."

"ठेवलीच होती. मीच ठेवली. वरणाचं मोठं मडकं होतं ना, कान तुटलेलं, त्यात. थोरल्या बाईंचं जुनं लुगडं खाली घातलं. वर दगडधोंड्याच्या देवापाशी, जिथं डोंगरातून येणारे दोन रस्ते मिळतात तिथं नेऊन ठेवली. सावलीत ठेवली हो. उन्हात नाही ठेवली."

जिवंत मूल टाकायला नेतात तेही मडक्यातच नेतात. शब्द तोच. मेनिप्पेला हे माहीत होतं, सगळ्यांना माहीत असतं. पण बाळंतिणीला तो शब्द जसा ऐकू यायचा तसाच ऐकू आला होता, आणि कुणी तिला सुधारलं नव्हतं.

"रडत होती?"

"उतरताना ऐकू येत होतं. दुपारी पुन्हा जाऊन आले. मडकंच नव्हतं तिथं. कुणीतरी नेली." सिरा आता पुरती जागी झाली होती आणि भ्यायली होती. "बाई, कुणाला सांगू नका मी बोलले ते. थोरल्या बाई म्हणाल्या तसं केलं."

"आणि मालक?"

"मालक दारात उभे होते. पाठ करून."

मेनिप्पेनं पोरीची खीर उचलली आणि अंगणात नेऊन कोंबडीपुढं ओतली. त्याशिवाय तिचं काय करायचं हे तिला सुचेना. मेल्यांची खीर जिवंत माणसाच्या नावानं काढली म्हणजे त्याला मेल्यांत बोलावलं. इतकी वर्षं ती दर सणाला आपल्या हातानं, मध घालून, आपल्या मुलीला तिकडं बोलावत होती. फानो शेजारी उभी राहून "मध जरा जास्त घाल" म्हणत होती.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचलं नाही. पाणवठ्यावर, जत्रेत, कुणाच्याही घरात त्या वयाची मुलगी दिसली की ती बघत राहायची. विशेषतः डोक्यावर घडा घेतलेल्या गुलाम पोरींकडे, कारण मडक्यातून उचललेल्या पोरी तिथंच पोचतात, नाहीतर त्याहून वाईट जागी. पण बघून काय करणार? कशावरून ओळखणार? तिनं पोरीचं तोंड धड पाहिलेलं नव्हतं. बायका मेलेल्या मुलांच्या आठवणी उगाळतात, हिच्याकडे उगाळायलाही काही नव्हतं. ते सगळं फानोच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि फानोपाशीच राहिलं होतं.

कायद्यानं काही होणार नव्हतं. मूल ठेवायचं की टाकायचं हा बापाचा अधिकार, त्यावर कुणी बोट ठेवत नाही. ओढ्याकाठी गाजरासारख्या पानांचं विषारी झुडूप उगवतं, तेही तिनं एकदा थांबून पाहिलं. मग मनाशी म्हणाली, म्हातारी मेली तर दरवर्षी तिची खीर मलाच शिजवावी लागेल. तो विचार तिथंच संपला. तिला फानो जिवंत हवी होती. लाज वाटायला माणूस जिवंत असावं लागतं.

उन्हाळा सरत आला. त्या वर्षी गावानं देवाला पहिली दारू लिकोनच्या थोरल्यातून न्यायची असं ठरवलं. फानोची मान ताठ झाली. पाणवठ्यावरून ती हळूहळू यायची, म्हणजे वाटेत जास्त माणसं भेटावीत.

मेनिप्पे रांजणात उतरली. जुनी राळ खरवडली. लोखंडी शेगडी दोरीनं आत सोडून पोट तापवलं, कढती राळ ओतली आणि लांब दांड्याच्या बोळ्यानं गोल गोल फिरवत वरपर्यंत नेली. वरचं काम इतकं सुरेख केलं की बापानंही मान डोलावली असती. बुडाशी मात्र तिनं तळहाताएवढी जागा कोरडी ठेवली. कोठीत शिरक्याचा, म्हणजे आंबून गेलेल्या दारूचा, घडा होता, त्याच्या तळाचा जाड गाळ फडक्यात बांधून आणला होता, तो त्या उघड्या मातीत चोळला. माती घटाघटा प्याली. हात पुसावा तितक्या सहज तिनं हे केलं.

वरून फानोचं तोंड डोकावलं. "बूड नीट लाव गं."

"लावते, सासूबाई."

"पोट रिकामं असलं तरी हात चांगला आहे तुझा. हे मी नेहमी म्हणते."

"म्हणता खरं," मेनिप्पे आतून म्हणाली. रांजणात आवाज घुमला, म्हणून तिला स्वतःचाच आवाज जरा मोठा वाटला.

द्राक्षं तुडवली, रस भरला, तो फसफसून शांत झाला. फानोनं झाकणाभोवतीच्या मातीत अंगठी दाबली. थंडीभर मेनिप्पे त्या झाकणावरून येता-जाता हात फिरवायची. पोटुशी बाई फिरवते तसा. फानोला वाटलं सुनेला आता घराचा अभिमान वाटू लागलाय.

रांजण उघडायच्या दिवशी सकाळीच अंगण भरलं. शेजारचा हेगियास सगळ्यांच्या पुढं, हातात पेला घेऊन, लग्नाला आल्यासारखा तेल लावून केस विंचरून. बायका भिंतीकडेनं. लिकोनच्या डोक्यावर फुलांची माळ होती आणि ती त्याला जरा मोठी होत होती. त्यानं माती फोडली, अंगठीची खूण सगळ्यांना दाखवली, झाकण सरकवलं.

वास आला. आधी पुढच्यांना, मग मागच्यांना.

लिकोननं तरी ओगराळं बुडवलं, ओठांना लावलं आणि तोंड वाकडं केलं. हेगियासनं त्याच्या हातातून ते घेतलं, जिभेनं चाखलं. "कोबीवर घालायला छान आहे," तो म्हणाला. "देवाला कोबी आवडतो का, विचारावं लागेल."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. लिकोनचे कान लाल झाले. फानो मात्र हसण्याकडे बघत नव्हती, ती माणसांकडे बघत होती. तिला कुणीतरी हवं होतं, आणि तिला सिरा सापडली.

"तू. कोठीत कोण जातं माझ्याखेरीज? शिरक्याचं भांडं तूच हाताळतेस. ये इकडे." तिनं लिकोनला खूण केली आणि लिकोननं भिंतीला टेकवलेली ऑलिव्ह झोडायची काठी उचलली. आईनं सांगितलेलं काम तो नेहमी लगेच करायचा.

सिरा जमिनीवर बसली, हात डोक्यावर घेऊन. मेनिप्पेनं तिच्याकडे पाहिलं. या हातांनी मडकं नेलं होतं. पडू दे दोन, असं तिला क्षणभर वाटलं, नाही असं नाही. पण मग लक्षात आलं की काठी पडली की हे काम सिराच्या नावावर लागेल. संध्याकाळपर्यंत गाव म्हणेल, म्हातारी गुलाम, सुरई आवडते, केली चूक. फानो पुढच्या वर्षी पुन्हा अंगठी दाबेल. वर्षभर पोटात वाढवलेलं आपलं काम असं दुसरीच्या पदरात टाकायचं?

"तिला सोडा," ती म्हणाली. "मी केलंय."

काठी वरच राहिली. "काय केलंस?" लिकोननं विचारलं.

"बुडाला राळ लावली नाही. शिरक्याचा गाळ चोळला. आत उतरून बघा, जागा दाखवते."

"का?" ही फानो होती. आवाज एकदम बारीक.

"का ते तुम्ही सांगा. मी मडक्यात ठेवली होती, सासूबाई. चांगलीच ठेवली होती. मडक्यात ठेवलेलं कधी मरतं, कधी जगतं, आपल्याला काय कळतंय? तुम्हीच मला शिकवलंत हे." आणि मग भिंतीकडच्या बायकांकडे वळून तिनं सगळं सांगितलं. ताप, पेज, कान तुटलेलं मडकं, जुनं लुगडं, दोन रस्ते, दरवर्षीची खीर. आवाज चढवला नाही. घरातल्या वाणसामानाची याद सांगावी तसं सांगितलं.

पुरुषांमध्ये चुळबुळ झाली. हेगियासनं पेला पालथा करून बघितला. "बाई, ते झालं ते झालं," तो म्हणाला. "कुणाच्या घरात होत नाही? पण देवाची दारू नासवायची म्हणजे फार झालं."

"एवढा रांजणभर माल," दुसरा कुणीतरी म्हणाला, अगदी मनापासून हळहळत.

मेनिप्पेनं वर्षभर या क्षणाची वाट बघितली होती, आणि तो असा आला. मूल गेलं याला त्यांच्याकडे शब्द नव्हता, दारू गेली याला होता. लिकोननं डोक्यावरची माळ काढली. आईकडे बघितलं, हेगियासकडे बघितलं आणि म्हणाला, "आपल्या भावाकडे जा. आजच जा." लग्न मोडायला एवढंच लागतं. मेनिप्पे आत गेली, तिनं आपली खरवडणी आणि बोळा घेतला, पांघरूण घेतलं. बाहेर पडताना भिंतीकडच्या बायकांनी तिला वाट दिली. एकीनंही तोंडातून शब्द काढला नाही. मेनिप्पेला वाटलं, यांचंही मन दारूतच अडकलंय.

ते तसं नव्हतं, हे तिला पुढच्या उन्हाळ्यात कळलं.

ग्लाउकोसची झोपडी डोंगरावर, राळेच्या भट्टीशेजारी. तिथं तिनं बापाचं काम धरलं. ग्लाउकोस झाडांना खाचा पाडायचा, ती कढवायची आणि तोडणीआधी गावोगाव रांजण लावायला उतरायची. लोकांनी दाराशी उभं करू नये अशीच बदनामी झाली होती, पण तसं झालं नाही. प्रत्येक घरी पुरुष जरा घुटमळायचे आणि आतून बाई म्हणायची, "येऊ दे तिला." कामाच्या वेळी बायका रांजणाच्या काठाशी येऊन बसायच्या, भाजी निवडायच्या आणि मेनिप्पे आत असताना तिच्या डोक्यावरून बोलायच्या. त्यातून तिला कळलं. लिकोन दुसरं लग्न करायला निघाला होता. हेगियासच्या पुतणीबद्दल बोलणं झालं, मुलीच्या आईनं अंथरूण धरलं आणि बोलणं मोडेपर्यंत उठली नाही. पलीकडच्या गावात विचारलं, तिथं मुलगी अचानक दुसरीकडे दिलेली निघाली. कुणी भांडलं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. "त्या घरात पोरी मडक्यात जातात," एवढंच पाणवठ्यावरून पाणवठ्यावर जात राहिलं.

"आणि म्हातारी?" मेनिप्पेनं आतून विचारलं.

"बसून असते. किल्ली कमरेलाच आहे. कोठीत आता आहे काय म्हणा."

मेनिप्पेनं बोळा फिरवला. त्या दिवशी तिचा हात हलका चालला. रात्री भावानं विचारलं, "काय गं, खूष दिसतेस?" तर ती म्हणाली, "राळ चांगली उतरली आज."

काही वर्षांनी, तोडणीच्या अगोदर, खालच्या वाटेवर गाढव दिसलं. सिरा दावं धरून चालत होती आणि गाढवावर फानो, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, खोगिराची कड घट्ट धरून. ती आता खूप लहान झाली होती. सिरानं तिला उतरवून झाडाखाली बसवलं आणि स्वतः लांब जाऊन गाढवाला पाला घालू लागली.

"पाणी दे," फानो म्हणाली.

मेनिप्पेनं दिलं.

"राळेचा वास अजून तसाच तुझ्या अंगाला. लग्नात मी म्हटलं होतं, जाईल. गेला नाही." फानोनं पाणी पिऊन तोंड पुसलं. "मी मरायला टेकले."

"दिसतंय."

"घरात बाई नाही. मला न्हाऊ कोण घालणार? मेल्यावर वाटेसाठी हातात मधाची पोळी कोण ठेवणार? सिराच्या हातून जाऊ मी, गुलामाच्या? लिकोन तर बाहेर उभा राहील. पाठ करून." हे म्हणून ती थांबली. "तू परत ये. किल्ली आत्ता घे. हवं तर अंगठी घे. मी मेले की मला न्हाऊ घाल, वर्षाला एक पळी काढ. बाकी तुला जे करायचं ते कर त्या घरात. सगळे रांजण नासव."

मेनिप्पे भट्टीपाशी उकिडवी बसली. कढईत राळ तडतडत होती. "केस होते का तिला?"

फानोला आधी कळलं नाही. मग कळलं. "होते. काळे. ओले झाले की कपाळाला चिकटायचे."

"आणखी?"

"डावा कान वरून दुमडलेला होता. अंजिराचं वाळलेलं पान असतं ना, तसा. मी बोटानं सरळ करायची, पुन्हा दुमडायचा."

"तुम्ही घ्यायचात तिला?"

"मग कोण घेणार? तू तापात. पाच दिवस मीच घेतली. मधाच्या पाण्यात फडकं बुडवून चोखायला द्यायची. चांगली ओढायची. चुलीचा धूर गेला की शिंकायची आणि शिंकून झालं की स्वतःच दचकायची." फानोच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं, ते तिनं लगेच पुसलं. "माझं हे बोट धरायची. सोडायची नाही."

"मग?"

"पहिला मुलगा हवा होता. त्या वर्षी गारांनी वेली झोडपल्या होत्या. तू जगशील असंही वाटत नव्हतं. पाचव्या दिवशी लिकोन चुलीपाशी उभा राहिला. त्यानं उचलली असती तर मी काही बोलले नसते. देवाशपथ बोलले नसते. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि मी त्याच्या. मग भाकरी करपायला लागली, म्हणून मीच बोलले."

"रडली का?"

"मडक्यात घालताना नाही. बोट सोडवून घेतलं तेव्हा."

मेनिप्पेनं सगळं ऐकलं. एकेक गोष्ट आत उतरवून घेतली, खरवडणी फिरवताना हाताला प्रत्येक उंचवटा कळतो तशी. वाऱ्यानं धूर त्यांच्याकडे वळला, दोघींनी डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"आणखी काही?"

"नाही. एवढंच." फानोनं कमरेची किल्ली सोडायला सुरुवात केली. गाठ सुटेना. "ही घे. सिराला सांग, तुझं सामान गाढवावर घालेल. मी चालेन थोडं."

"किल्ली राहू द्या. तुम्ही जा आता."

फानो तिच्याकडे बघत राहिली. "तू म्हणालीस..."

"मी विचारलं. म्हणाले काही नाही."

"मी सगळं सांगितलं तुला."

"सांगितलंत. ते माझंच होतं."

सिरानं तिला उचलून गाढवावर बसवलं. उतारावर गाढव अडखळलं की म्हातारीचं डोकं पुढं जायचं. पाइनच्या आडून दिसेनाशी होईपर्यंत ती मागं वळून बघत होती. मेनिप्पे तिथं उभी नव्हती. राळ उतू जायला आली होती, ती तिनं खाली घेतली.

पुढच्या वर्षी फानो पुन्हा आली. आता तिला आठवलं होतं की पोरीच्या पाठीवर, मणक्याच्या उजवीकडे, तीळ होता. त्याच्या पुढच्या वर्षी आली तेव्हा आठवलं की ती झोपेत ओठ हलवायची. यातलं खरं किती आणि गाढवावर बसल्या बसल्या रचलेलं किती, मेनिप्पेला सांगता आलं नसतं. तरी ती दर वेळी समोर बसून शेवटपर्यंत ऐकायची, प्यायला पाणी द्यायची, आणि नाही म्हणायची.